भिंगऱ्याचा कळप

१

कुत्रं पाळायचं माझ्या मनातही नव्हतं. ते घरात आलं ते माझ्या रागामुळं.

त्या वेळी मी कोल्हापुरात रस्त्यांच्या कामावर मुकादम होतो. महाराजांच्या कारकिर्दीत शहर वाढत होतं, नवे रस्ते पडत होते, आणि खडी वाहून मोडलेली जनावरं पांजरपोळात जमा होत होती. आमचा एक बैल पायानं अधू झाला. गड्यावर विसंबलो तर तो वाटेत खाटकाला देईल, म्हणून मी स्वतःच त्याला सोडायला गेलो.

बैल ठाणाला बांधून निघालो तर कोपऱ्यातल्या खांबाला एक कुत्रं दिसलं. वर्षाचंही नसेल. काळं, छातीवर पांढरा पट्टा, एक कान मोडलेला. दोरी इतकी आखूड की त्याला धड बसता येत नव्हतं की वळता येत नव्हतं. एकाच जागी पाय नाचवून त्यानं मातीत खळगा पाडला होता.

तिथला राखणदार मीरासाब जवळच वैरण टाकत होता. ही काय रीत झाली, असं मी त्याला विचारलं. त्यानं सांगितलं की व्यवस्थापकांचा तसा हुकूम आहे. सोडलं की हे कुत्रं गाई गोळा करतं. आंधळी, लंगडी, म्हातारी, सगळ्यांना एका कोपऱ्यात आणून उभं करतं आणि एकीलाही हलू देत नाही. धनगराच्या कळपातलं होतं. गाडीखाली पाय सापडला तसं धनगर ते इथं टाकून पुढं गेला. पाय बरा झाला. धनगर काही फिरकला नाही.

माझं डोकं फिरलं. जीव वाचवायला म्हणून कुंपण घालायचं, आणि त्या कुंपणात जिवाला मान वळवायचीही मुभा द्यायची नाही? मी मोठ्यानं बोललो असणार, कारण व्यवस्थापक बाहेर आले. एवढा कळवळा आहे तर घेऊन जा, म्हणाले. मी कमरेचा चाकू काढला आणि दोरी कापली.

मीरासाब फाटकापर्यंत आला. "न्या पावणं," तो म्हणाला. "पर ध्यानात ठेवा. कळप पुरा झाल्याबिगर ह्यो खाली बसत न्हाय."

"माज्या घरात तीन माणसं हायत," मी म्हणालो. "असा किती वेळ लागतोय?"

२

तीन माणसं म्हणजे मी, माझी आई आक्का, आणि बायको तानाबाई. आम्ही भाड्यानं राहत होतो ते घर आण्णा नावाच्या गुळाच्या अडत्याचं. प्लेगच्या मोठ्या साथीनंतर त्यानं शाहूपुरीत नवं घर बांधलं आणि पेठेतलं हे जुनं आम्हाला दिलं. पुढं फरशीचा सोपा, मग माजघर, मागं चुलीची खोली आणि परसू. माजघरातून एक अरुंद बोळ निघत होता आणि त्याच्या टोकाला एक लहान खोली होती. तिच्यात आम्ही शेणी आणि जळण ठेवत होतो.

कुत्र्यानं पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं. परसातल्या कोंबड्या त्यानं एका टोपल्यामागं नेऊन बसवल्या. माझ्या वहाणा, आक्काची काठी, पाण्याची कळशी, सगळ्याभोवती ते गरागरा फिरे. आक्कानंच त्याचं नाव भिंगऱ्या ठेवलं. एरवी कुत्र्याचा विटाळ मानणारी बाई भाकरीचा पहिला तुकडा त्याच्यासाठी काढून ठेवू लागली.

दिवेलागणीला त्याचं खरं काम सुरू होई. मी कामावरून येऊन सोप्यात बसलो की तो तानाबाईला चुलीपासून उठवी. पदराला तोंड लावत नसे. नुसता तिच्या पायांत घोटाळत तिला पुढं काढी. आक्काला आणताना मात्र तो निराळा होई. तिचे गुडघे गेले होते. तो तिच्या पायाला खांदा टेकवून तिच्या चालीनं चाले. ती थांबली की थांबे, निघाली की निघे. आक्का म्हणायची, माझ्या पोटच्यानं मला असं कधी धरलं नाही. ते ऐकून मला हसू येई आणि थोडा रागही येई.

तिघं सोप्यात आलो की त्यानं बसायला हवं होतं. तो बसत नसे. आमच्याभोवती एक फेरा मारी, तोंडं बघे, आणि परत आत पळे. माजघरातून बोळात. जळणाच्या खोलीच्या दारापाशी उभा राहून तो बारीक आवाजात कुंई कुंई करी. मग परत बाहेर, परत फेरा, परत आत. आम्ही जेवून उठलो तरी चाललेलंच असे. फरशीवर त्याची नखं वाजत राहत.

मी त्याच्यावर खेकसलो. एकदा हातही उगारला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की एवढी सोपी गोष्ट मला कळत कशी नाही.

३

आक्कानं त्याचा अर्थ लावला. तानाबाईला पाचवा महिना होता. भिंगऱ्याला पोटातलं कळतंय, आक्का म्हणाली, म्हणून त्याला घरात एक जीव जास्त लागतोय. तानाबाई लाजली. आम्ही हसलो. मला ते पटलंही. शेजारच्या मणेराची बायको नजीरा बांगड्या भरायला आली तेव्हा तानाबाईनं तिला ही गंमत सांगितली. नजीराच्या हातात तानाबाईचं मनगट होतं. तिनं बांगडी अर्ध्यावर थांबवली आणि कुत्रं नेमकं कुठं जातं, असं विचारलं. खोलीचं नाव ऐकल्यावर तिचं तोंड उतरलं. उरलेल्या बांगड्या भरल्या आणि चहा न घेताच गेली.

तानाबाईनं हे सांगितलं तेव्हा मला नजीराचाच राग आला. पोटुशी बाईपुढं असं तोंड करून बसायचं?

मग एका सुट्टीच्या दिवशी मी ती खोली रिकामी केली. उंदीर असेल, घूस असेल, जमिनीखाली साप असेल. शेणी बाहेर काढल्या, लाकडं काढली, कोपरे उकरले. काही नव्हतं. भिंतीला चुना जाड होता, इतर खोल्यांपेक्षा जाड. वर हात पोचणार नाही अशा उंचीवर एक झरोका.

बाहेर येताना दाराकडं लक्ष गेलं. खालच्या फळीत एक भोक कापलेलं होतं. ते आम्ही रोज बघत होतो आणि मांजरासाठी असेल म्हणून सोडून देत होतो. पण मांजरासाठी कापलेलं भोक उंच असतं. हे बुटकं आणि रुंद होतं. मी वाकून हात लावला. खालची कड घासून गुळगुळीत झाली होती. जेवणाची थाळी आडवी सरकवली तर बरोबर जाईल, तेवढंच ते होतं.

दाराला कडी बाहेरून होती. जळणाच्या खोलीला बाहेरूनच असते. मी स्वतःला तसं सांगितलं, शेणी परत रचल्या, आणि त्या दिवशी विनाकारण तानाबाईवर ओरडलो.

४

आक्काचं म्हणणं खोटं पडलं ते तानाबाई माहेरी नेसरीला गेली तेव्हा. तिचा भाऊ गाडी घेऊन आला होता, चार दिवस राहून येते म्हणाली. पोटातलं तिच्याबरोबरच गेलं.

त्या दिवशी दिवेलागणीला भिंगऱ्यानं आक्काला आणून माझ्याजवळ बसवलं. मग तो रस्त्याच्या दाराकडं गेला. गाडी ज्या बाजूला गेली तिकडं तोंड करून भुंकला. तानाबाईला हाक मारत होता, ते कुणालाही कळलं असतं. मी मनातल्या मनात म्हणालो, झालं, आता हा इथंच उभा राहणार.

तो वळला. आमच्या मधून गेला, माजघर ओलांडलं, आणि बोळाच्या टोकाला जाऊन बारीक आवाजात कुंई कुंई करू लागला. थोड्या वेळानं परत रस्त्याच्या दाराशी. तिथं भुंकणं. परत बोळात. तिथं कुंई कुंई. एक माणूस नेसरीला गेलेलं आणि एक माणूस आत.

आक्का जपमाळ ओढत होती. तिची बोटं थांबली. "हंबीर," ती म्हणाली, "त्याला दोन कमी पडत्यात."

मी म्हणालो, कुत्र्याला मोजता येतं होय? माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी तिथून उठलो नाही. कंदील माझ्या हाताशी होता, बोळ दहा पावलांवर होता, आणि मी उठलो नाही.

५

तानाबाई परत आली त्यानंतरची ही गोष्ट. आभाळ भरून आलं होतं, म्हणून कंदील लवकर लावला. सोप्यात मी भिंतीला टेकून होतो. आक्का माझ्या डाव्या हाताला, तानाबाई तिच्या पलीकडं शेंगा सोलत बसलेली. भिंगऱ्या नेहमीप्रमाणं आत गेला होता.

त्याचा आवाज थांबला. माझ्या ध्यानात आलं ते थोड्या वेळानं, आणि ध्यानात आल्यावर मी माजघराच्या दाराकडं बघत राहिलो.

आधी नखं ऐकू आली. तो पळत येत नव्हता. एक पाऊल, मग थांबणं. दोन पावलं, मग थांबणं. ही चाल आम्हा सगळ्यांना माहीत होती. आक्काला आणताना तो असाच चालत असे. पण आक्का माझ्या शेजारी होती, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता.

भिंगऱ्या दारातून बाहेर आला. मान खाली, अंग एका बाजूला कललेलं. कुणाला तरी खांदा दिल्यासारखं. त्याच्या बाजूला काही नव्हतं. मी डोळे ताणून बघितलं, काही नव्हतं. पण त्या बाजूची त्याची लव चपटी झालेली होती, खांद्यापासून पार मागच्या पायापर्यंत, दाबून धरल्यासारखी. दुसऱ्या बाजूची नेहमीसारखी ताठ होती. उंबऱ्याशी तो बराच वेळ थांबला. उंबरा ओलांडायला जेवढा वेळ म्हाताऱ्या माणसाला लागतो तेवढा.

मग तो तानाबाईच्या पलीकडं गेला, आणि चपटी झालेली लव हळूहळू वर आली.

तानाबाईनं शेंगांचं सूप उचललं आणि ती आक्काकडं थोडी सरकून बसली.

"का गं सरकलीस?" मी विचारलं.

ती शेंगा सोलतच होती. "जागा द्याय नको व्हय?" असं म्हणाली, आणि मग तिनंच आपलं वाक्य ऐकलं. तिच्या हातातली शेंग खाली पडली.

भिंगऱ्यानं आमच्याभोवती एक फेरा मारला. सगळ्यांची तोंडं बघितली. आणि घरात आल्यापासून पहिल्यांदा तो पुढच्या पायांवर डोकं टाकून, मोठा उसासा सोडून, खाली बसला.

६

भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. आक्काला आणि तानाबाईला मी दुसऱ्या दिवशी उजाडताच माझ्या मामाच्या घरी सोडलं. पण ते करून परत आलो तो रागानं.

मी नजीराच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "भाबी, त्या खोलीत कोण होतं?"

ती आधी माहीत नाही म्हणाली. मग नवरा घरात नाही म्हणाली. मी हललो नाही. शेवटी तिनं सांगितलं ते एवढंच. आण्णाची म्हातारी आई होती. साथ आली, पेठ रिकामी करायचा हुकूम निघाला, सगळे माळावरच्या झोपड्यांत राहायला गेले. आण्णाचं बिऱ्हाडही गेलं. म्हातारीला बिद्रीला नातेवाइकांकडं ठेवलंय असं आण्णा म्हणाला. साथ ओसरल्यावर सगळे परत आले, तोवर आण्णानं घर धुऊन चुना मारून ठेवलं होतं.

"आणि तुमी त्याला काय इचारलं?"

"आमी इचारलं न्हाई, भाऊ," नजीरा म्हणाली. "कुणीच इचारलं न्हाई."

साऱ्या पेठेनं विचारलं नव्हतं. आम्ही त्या घरात बिऱ्हाड थाटलं, माझी बायको पोटुशी राहिली, तिच्या हातात बांगड्या भरल्या, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. मी भिंगऱ्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि थेट शाहूपुरी गाठली.

आण्णा ओसरीवर गुळाचा नमुना चाखत बसला होता. या मुकादम, म्हणाला. मी बसलो नाही. तुमच्या आईला काय झालं होतं, असं विचारलं. वयानं गेली, तो म्हणाला, बिद्रीला. तिकडंच सगळं केलं. असं म्हणून त्यानं गुळाचा खडा माझ्यापुढं धरला.

मी खडा घेतला नाही. वाकलो आणि भिंगऱ्याची दोरी सोडली.

त्याला सांगावं लागलं नाही. तो आत घुसला. आतून आधी आण्णाचा मुलगा आला, हसत, हे काय जनावर म्हणत. मग सून. मग आण्णाची बायको शालूबाई, पीठ लागलेले हात तसेच. तिघांना त्यानं आण्णाभोवती आणून उभं केलं. एक फेरा मारला. तोंडं बघितली. आणि लगेच खाली बसला.

शालूबाई त्याच्याकडं बघत राहिली. "धनगरी हाय," ती हळूच म्हणाली. "माज्या माहेरी असं हुतं. पुरी गोळा झाल्याबिगर बसत न्हाईत." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमच्याकडं बसतंय का, दादा?"

"काल बसलं," मी म्हणालो. "तवर रोज त्याला एक कमी पडत हुतं. त्या खोलीतनं."

आण्णा उठला. कुत्रं घेऊन चालते व्हा, घर खाली करा, असं बरंच बोलला. शालूबाईनं त्यातलं काही ऐकलं नाही. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, पायऱ्या उतरली, आणि पेठेच्या दिशेनं चालू लागली. "अगं, आत जा," आण्णा मागून म्हणाला. दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा त्याचा आवाज फुटला.

७

आमच्या घरात मी आणि भिंगऱ्या तिच्यामागून गेलो. दिवस अजून होता. माजघरात ती वाट न विचारता चालली, बोळात वळली, दारापाशी थांबली. कडी काढली, पण दार ढकललं नाही. त्या बुटक्या भोकासमोर ती जमिनीवर बसली.

"मी येते म्हनले हुते," सासूशी बोलावं तसं ती दाराला म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. "निगताना ह्यांनी घराची किल्ली माज्याकडं दिली न्हाई. आत्ती, चला आता. घरला चला."

बराच वेळ काही झालं नाही. झरोक्याबाहेर चिमण्या कलकलत होत्या. मला स्वतःचीच लाज वाटू लागली की एका म्हातारी होत चाललेल्या बाईला मी हे काय करायला लावलं. मग भिंगऱ्या पुढं झाला, नाकानं दार ढकललं आणि आत गेला. आत शेणी एकावर एक घासल्याचा आवाज झाला, कुणी त्यांना धरून उठावं तसा.

तो बाहेर आला तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं. बघितलं ते एवढंच की शालूबाईनं आपला हात उचलून पुढं केला होता, आणि तो हात खाली दाबला जात होता.

शाहूपुरीपर्यंत आम्ही चालत गेलो. शालूबाई पुढं, तिच्यामागं भिंगऱ्या एका बाजूला कलून, आणि बरंच अंतर ठेवून मी. बाजाराची गर्दी होती. लोक बाईला आणि कुत्र्याला वाट देत होते, आणि देताना गरजेपेक्षा जास्त बाजूला होत होते. एका गाडीवानानं उतारावर बैल आवरून धरले. का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आम्ही फार सावकाश चाललो होतो. वाटेत कितीदा थांबलो. मला घाई नव्हती. आण्णानं ओसरीवरून आम्हाला लांबून येताना बघावं, सगळा रस्ताभर बघावं, असंच मला वाटत होतं.

त्यानं बघितलं. तो आत गेला आणि त्यानं दाराला हात घातला. पण शालूबाई पोचली होती. ती आत गेली. भिंगऱ्या उंबऱ्याशी थांबला, थांबून राहिला, मग आत गेला. परत येऊन तो उंबऱ्यावरच आडवा झाला, आतल्या कुणाला बाहेर काढू नये म्हणून वाट अडवल्यासारखा. डोकं मात्र वर होतं, कान ताठ. दार त्याच्यावर आपटलं तरी तो हलला नाही. फटीतून आण्णाचा आवाज आला, चढा, मग तितका चढा नाही, मग आलाच नाही. मुलगा काहीतरी विचारत होता. त्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

मी रस्त्यावर उभा होतो. तिन्हीसांज होत आली होती, घराघरांतून जेवणाची तयारी चालली होती. शालूबाईच्या बांगड्या वाजल्या. ती पाट मांडत होती. फरशीवर लाकूड टेकल्याचा आवाज ओळखू येतो. एक. दोन. तीन. चार.

मग काहीच ऐकू आलं नाही. आता इथंच थांबते की काय ही बाई, असं वाटून मला परत राग यायला लागला.

पाचवा पाट कुणी तरी फळीवरून काढला. त्यावरची धूळ हातानं झाडली, आणि तो खाली ठेवला.

तेव्हा कुठं भिंगऱ्या वाट सोडून उठला.